पत्रकारिता आणि माध्यम विषयांत एम. ए.: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातून पदवी घेऊन माध्यमांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहेत. शुल्क, जागा आणि तारखा दर वर्षी हलतात. त्यासाठी त्या वर्षाची माहितीपुस्तिकाच उघडावी, गेल्या वर्षीच्या मित्राचा फोन नव्हे.

माझी पदवी वाणिज्य (किंवा विज्ञान) शाखेची आहे. प्रवेश मिळेल का?

मिळेल. बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. अट गुणांची असते आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. शाखा बदलली म्हणजे वर्षं वाया गेली, हा समज तर पार उलटा आहे. महापालिकेचा अर्थसंकल्प वाचता येणारा किंवा पाण्याच्या तपासणीचा अहवाल समजणारा माणूस वृत्तकक्षात शोधूनच काढावा लागतो.

एम. ए., एम. एस्सी., एमबीए, पदविका… नेमका फरक काय?

नावं जवळची असली तरी आत शिकवलं जाणारं वेगळं असतं. सर्वाधिक चुका इथेच होतात.

'पत्रकारिता व जनसंज्ञापन' या नावाच्या एम. ए.त बातमीलेखन, संपादन, माध्यमांचा इतिहास, कायदा आणि संशोधन पद्धती असतात. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट (विद्यापीठाचा हा विभाग १९६४चा), मुंबई विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ इथले विभाग या वाटेचे. पुणे विद्यापीठाचाच माध्यम व संज्ञापन अभ्यासाचा दुसरा विभाग आहे आणि त्याची पदवी एम. एस्सी. आहे. दोन्ही एकच समजून एकाच्या जागी दुसऱ्याचा अर्ज भरणारे दर वर्षी निघतात.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतलं माध्यम व संस्कृती अभ्यासाचं एम. ए. माहितीपट आणि समाजशास्त्रीय वाचन यांवर उभं आहे. रोजच्या बातमीदारीचा सराव हवा असेल तर ती जागा त्यासाठी नाही. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाचं जनसंज्ञापन केंद्र १९८२ पासून चित्रपट-चित्रवाणी निर्मितीसाठी ओळखलं जातं. सिम्बायोसिसचं संज्ञापन व्यवस्थापनाचं एमबीए किंवा अहमदाबादच्या 'मायका'चा अभ्यासक्रम हे मुळात व्यवस्थापनाचं शिक्षण आहे: ब्रँड, जाहिरात, ग्राहक संशोधन. जाहिरात संस्थेत जायचं असेल तर उत्तम. जिल्हा परिषदेच्या बातम्या करायच्या असतील तर एवढे लाख खर्च करायचं कारण नाही.

पदविका ही साधारण नऊ ते बारा महिन्यांची, हात बसवून देणारी. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेची स्थापना १९६५ची. तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे, हे विदर्भाबाहेर अजूनही फार जणांना ठाऊक नसतं.

मग पदविका घेऊ की एम. ए.?

एका वर्षात वृत्तकक्षात शिरायचं असेल तर चांगली पदविका पुरते. शिकवायचं, संशोधन करायचं किंवा पीएच. डी.ची दारं उघडी ठेवायची असतील तर एम. ए. हवं. पदविकेच्या आधारे नेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायची म्हटली तर ती पदव्युत्तर पदवीशी समकक्ष आहे का, हे भारतीय विद्यापीठ संघाकडून तपासून घ्यावं लागतं. सरसकट सगळ्या पदविका चालत नाहीत. हे दोन वर्षांनी कळण्यापेक्षा अर्जाआधी कळलेलं बरं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम. ए.ची रचना कशी आहे?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत दोन वर्षांचं एम. ए. ८८ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) आहे, प्रत्येक सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४ श्रेयांक, दुसऱ्यात कार्यानुभव म्हणजे ओजेटी किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यात ६. एक श्रेयांक म्हणजे तासिकांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. पहिलं वर्ष म्हणजे ४४ श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडलात तर पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी असलेल्यांना एम. ए. एका वर्षाचं.

थोडक्यात, संशोधन प्रकल्पाचे १० श्रेयांक आहेत, ओजेटीचे ४. लघुशोधप्रबंध शेवटच्या महिन्यात उरकायची जुनी सवय या हिशोबात बसत नाही.

प्रवेश परीक्षा कोणत्या?

राज्यातली विद्यापीठं आपापली परीक्षा किंवा गुणवत्ता यादी लावतात. केंद्रीय विद्यापीठं आणि टाटा संस्थेसारख्या ठिकाणी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा लागते. त्यात जनसंज्ञापन व पत्रकारितेची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते: ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून आलेल्यांचं गाडं ज्ञानापाशी नाही, वाचनाच्या वेगापाशी अडतं. त्यामुळे रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचणं हाच सराव.

विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षांत भाषांतर, बातमीचं पुनर्लेखन आणि चालू घडामोडी येतात. भाषांतरात गुण जातात ते शब्द अडल्यामुळे कमी आणि इंग्रजी वाक्य जसंच्या तसं मराठीत ओढून आणल्यामुळे जास्त. 'त्यांच्याद्वारे उद्घाटन करण्यात आले' असं लिहिलंत की तपासणाऱ्याला पुढचं कळून चुकतं. 'त्यांनी उद्घाटन केलं' एवढं पुरे.

मुलाखतीत इतिहासाचा एखादा प्रश्न हमखास असतो. 'दर्पण' १८३२, 'दीनबंधू' १८७७, 'केसरी' १८८१, 'मूकनायक' १९२० ही सनं पाठ असतातच. पण 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत का निघत होतं, किंवा 'दीनमित्र' नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून कसा निघत राहिला, याचा विचार केलेला उमेदवार वेगळा उठून दिसतो.

सगळं शिक्षण मराठीतून होऊ शकतं का?

राज्य विद्यापीठांत उत्तरपत्रिका आणि लघुशोधप्रबंध मराठीत लिहायची मुभा बहुतेक ठिकाणी असते. संदर्भसाहित्य मात्र इंग्रजीतच जास्त आहे. लेखन मराठीत, वाचन दोन्हींत, अशी तयारी ठेवा.

कोणती कागदपत्रं ऐनवेळी अडवतात?

गुणपत्रिका कुणाच्या अडत नाहीत. अडतं ते हे:

- नॉन-क्रिमीलेअर दाखला मुदतीतला नसणं. ३१ मार्च उलटला की जुना दाखला हातात आहे या भरवशावर राहू नका.
- राज्याच्या नमुन्यातला ओबीसी दाखला केंद्रीय संस्थेत देणं. तिथे केंद्राचा नमुना लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्रीय संस्थेत त्या उमेदवारांनी ईडब्ल्यूएसची (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) पात्रता पाहावी आणि तो दाखलाही केंद्राच्या नमुन्यात काढावा.
- जात वैधता प्रमाणपत्र. यादी लागल्यावर अर्ज केलात तर उशीर झालाच म्हणून समजा.
- विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र, आणि मधे वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र.
- शैक्षणिक श्रेयांक बँकेचं (तुमचे श्रेयांक जमा होतात ती ऑनलाइन नोंद) खातं. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एका अक्षरानं जरी वेगळं असलं तरी घोळ होतो. आधी ते जुळवून घ्या.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरतात. प्रवेश झाला की त्याच आठवड्यात भरा. महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये अडकून पडलेला अर्ज पुढे ढकलायला कुणीतरी मागे लागावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच.

विभाग चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं?

एक दिवस प्रत्यक्ष जा. ग्रंथालयात गेल्या तीन वर्षांचे लघुशोधप्रबंध मागा आणि चाळा. सगळ्यांचा साचा एकच आणि निष्कर्ष 'माध्यमांचा समाजावर प्रभाव पडतो' असा असेल तर समजून घ्या. विद्यार्थ्यांच्या प्रायोगिक वृत्तपत्राचे अंक मागा. गेल्या वर्षी किती निघाले? कॅमेरे किती, त्यांतले चालू किती, आणि स्टुडिओची किल्ली कुणाकडे असते, ते शिपायाला विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचारा. तासिकेवर येणारे पत्रकार प्रात्यक्षिक झकास शिकवतात, पण त्यांना बातमी आली की तास बुडतो, आणि प्रबंधाला मार्गदर्शन करायला वर्षभर हजर असणारा माणूसच लागतो.

इमारत, वातानुकूलन आणि प्रवेशद्वारावरचे माजी विद्यार्थ्यांचे फोटो यांना फार महत्त्व देऊ नका.

मला बातमीदार व्हायचंय. मग सिद्धांत कशाला?

कारण रोजच्या कामात तो नकळत वापरलाच जातो. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी अमेरिकेतल्या १९६८च्या निवडणुकीत चॅपल हिलच्या मतदारांचा अभ्यास करून १९७२ साली 'विषयपत्रिका निश्चिती'ची मांडणी केली: लोकांनी काय मत बनवावं यापेक्षा कशाबद्दल मत बनवावं हे माध्यमं जास्त ठरवतात. आज कांद्याचा भाव पहिल्या पानावर आणि शाळेतली गळती आतल्या पानावर का, हा प्रश्न तोच आहे. भारतातलं उदाहरण हवं तर १९७५-७६चा 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग घ्या. खेड्यांत उपग्रहावरून कार्यक्रम पोचवता येतात हे सिद्ध झालं. ते कुणाला समजतात, कुणाला उपयोगी पडतात, हा प्रश्न वेगळा निघाला. विकास संज्ञापनाचा अर्धा पेपर या एका प्रकल्पावर लिहिता येतो.

माध्यम कायद्यासाठी कोणत्या नोट्स वाचू?

आधी त्यांचं साल बघा. बाजारातल्या कित्येक नोट्समध्ये अजून १८६७चा वृत्तपत्र नोंदणी कायदा चालू असल्यासारखा शिकवला आहे. त्याच्या जागी २०२३चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. बदनामीसाठी भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं लिहिलीत तर जुनं उत्तर ठरेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं आहे. घटनेचं कलम १९ (१) (क) आणि त्यावरचे १९ (२)चे निर्बंध, न्यायालय अवमान कायदा १९७१, माहिती अधिकार कायदा २००५ आणि डिजिटल माध्यमांसाठी २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम, एवढं नीट झालं की पेपर सुटतो.

कॅमेरा, लॅपटॉप आधीच घ्यायला हवा का?

लॅपटॉप हवा, कॅमेरा नको. पहिलं वर्ष मोबाइलवर निघतं. पैसे घालायचेच तर कॉलरला लावायच्या माइकमध्ये घाला. चित्र थोडं मळकट चालतं, पण आवाज गेला तर बाइट (कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) फुकट जातो. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्णपणे सांधता येत नाही. चित्रण सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमवर घेतलेल्या चित्रात ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसू शकतात. मुलाखत झाल्यावर त्याच खोलीतला 'गप्प' आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात दोन वाक्यांमधलं अंतर भरायला तोच लागतो.

ओजेटीसाठी मोठं चॅनेल गाठू की गावातलं दैनिक?

४ श्रेयांक म्हणजे १२० तास, दिवसाला सहा तास धरले तर वीस दिवस. मोठ्या चॅनेलमध्ये हे वीस दिवस बाइट उतरवून घेण्यात जातात. जिल्ह्याच्या आवृत्तीत तिसऱ्या दिवशी तुम्हाला पोलिस ठाण्यात नाहीतर पंचायत समितीत पाठवतात. शिकायचं असेल तर दुसरा पर्याय. जाण्याआधी विभागाचं पत्र, रोजची नोंदवही आणि शेवटी संस्थेचं हजेरीचं प्रमाणपत्र या तीन गोष्टी ठरवून घ्या. छापून आलेल्या बातमीची तारखेसह पीडीएफ त्याच दिवशी काढा. दुवे वर्षभरात मरतात.

लघुशोधप्रबंधाचा विषय कसा निवडायचा?

'सोशल मीडियाचा तरुणांवरील परिणाम' हा विषय नाही, तो विषयांचा बाजार आहे. कोणतं माध्यम, कुठली जागा, कोणता काळ आणि कोणता प्रश्न, ही चार उत्तरं शीर्षकात दिसायला हवीत.

चांगला नमुना म्हणून गोवा घ्या. १६ जानेवारी १९६७ला तिथे जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूनं आणि 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही दैनिकं मराठी. एकाच भाषेत, एकाच वाचकाला दोन बाजू कशा पटवल्या गेल्या? माध्यम ठरलं, जागा ठरली, काळ दीड-दोन महिन्यांचा, प्रश्न स्पष्ट. जुन्या फाइली बघायला मिळतील ना, एवढं आधी जाऊन खात्री करायची. अंक मिळणार की नाही हे न पाहता विषय नोंदवणं हे प्रबंध रखडण्याचं पहिलं कारण.

आशय विश्लेषणासाठी (बातम्या ठरावीक वर्गांत मोजण्यासाठी) किती अंक घ्यायचे?

'सहा महिन्यांचे सगळे' असं उत्साहानं लिहिलं जातं आणि दुसऱ्या महिन्यात सोडून दिलं जातं. हिशोब करा. वर्षभराच्या दैनिकासाठी दोन 'रचित आठवडे' पुरेसे मानले जातात: वर्षातले सगळे सोमवार एका यादीत, त्यातून चिठ्ठीनं दोन, मग मंगळवार, असं रविवारपर्यंत. झाले १४ अंक. चार दैनिकं घेतलीत तर ५६. पहिल्या पानावर दहा बातम्या धरल्या तर ५६० नोंदी आणि एका नोंदीला पाच मिनिटं लागली तर साधारण ४७ तास. म्हणजे रोज दोन तास बसलात तर चोवीस दिवसांचं काम.

घोळ कुठे होतो? स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन, दिवाळी अशा सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी अंकच नसतो. चिठ्ठीत १६ ऑगस्ट किंवा २७ जानेवारी निघाला तर बदली तारीख कशी घेणार, हा नियम आधी लिहून ठेवा. एका वृत्तपत्राची पुणे आवृत्ती आणि दुसऱ्याची कोल्हापूर आवृत्ती घेतली तर तुलनाच कोसळते. ई-पेपरची जुनी पानं काही काळानं उघडत नाहीत, म्हणून निवड झाली की त्याच दिवशी उतरवून घ्या.

वर्गवारी तुम्ही एकट्यानं केली तर ती तुमची मतं झाली. दहा ते वीस टक्के नोंदी दुसऱ्या कुणाकडून, तुमचे आकडे न दाखवता, वर्गीकृत करून घ्या आणि जुळणी मोजा. क्रिपेनडॉर्फचा अल्फा (ही जुळणी मोजणारा आकडा) ०.८० किंवा वर असेल तर ठीक. ०.६६७ ते ०.८० मध्ये निष्कर्ष जपून मांडावे. त्याखाली आलात तर व्याख्या ढिसाळ आहेत, दुसरा माणूस नव्हे. 'नकारात्मक बातमी' म्हणजे काय, हे उदाहरणांसह लिहा आणि पुन्हा मोजा.

गूगल फॉर्मवर शंभर जणांचं सर्वेक्षण केलं तर?

ते शंभर जण तुमच्या व्हॉट्सॲप गटातले असतात. अशा नमुन्यावरून 'महाराष्ट्रातील युवक' असं म्हणता येत नाही. यादृच्छिक नमुना असता तरी शंभरावर त्रुटीची मर्यादा अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आसपास जाते. ती पाच टक्क्यांवर आणायची तर चारशे जण लागतात. त्यापेक्षा बारा माणसांच्या सखोल मुलाखती घ्या. फक्त लक्षात ठेवा, एक तासाचं रेकॉर्डिंग मराठीत उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात.

साहित्यचोरीची मर्यादा किती?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द.

मराठी प्रबंधांची एक खास अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि साम्य शून्य येतं. अहवालावर शून्य पाहून खूश होऊ नका. परीक्षकालाही ते कारण ठाऊक असतं. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंका. एआयकडून संदर्भसूची बनवून घेऊ नका. अस्तित्वात नसलेले लेख फार ऐटीत सुचवले जातात.

नेट, सेट आणि पीएच. डी.चं काय?

नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, मिळून तीन तास, चुकीला वजा गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. एम. ए.ला खुल्या गटात ५५ टक्के, राखीव गटांत ५० टक्के लागतात. सेट ही राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. ती महाराष्ट्र आणि गोव्यात सहायक प्राध्यापकपदासाठी चालते, पण तिच्यावर फेलोशिप मिळत नाही. जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, अधिक घरभाडे भत्ता. पीएच. डी.ला किमान तीन वर्षं धराच.

नोकरी मिळेल का?

पदवीवर नाही, तुम्ही काय करून दाखवता त्यावर. चारपाच नीट बातम्या, एक दीर्घ वृत्तांत, तीन मिनिटांचं एक पॅकेज (चित्रित वृत्तांत) आणि स्वतः उभी केलेली एक आकडेवारीची बातमी एवढं एका दुव्यावर ठेवा. वृत्तपत्रं आणि चॅनेलांखेरीज जनसंपर्क संस्था, उपशीर्षकं, स्वयंसेवी संस्थांचं संज्ञापन यांत मराठी नीट लिहिणाऱ्याला मागणी आहे. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागांत हंगामी वृत्तनिवेदक-अनुवादकांची यादी चाचणी घेऊन बनते. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथे पत्रकारितेची पदवी आणि अनुभव दोन्ही पाहतात.

नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीनं करता येईल?

येईल. इग्नूचं पत्रकारिता व जनसंज्ञापनाचं एम. ए. आहे. आधीच पत्रकारितेत असणाऱ्यांना ते उपयोगाचं. नवख्याला सराव कुठून मिळणार, हा प्रश्न उरतो.

परदेशी जायचं असेल तर?

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पदवीनंतर २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवी संपल्या संपल्या अर्ज करण्यात अर्थ नाही. जर्मनीत बॉनला डॉइचे वेले अकादमीचं दोन वर्षांचं माध्यम अभ्यासाचं एम. ए. आहे, तिथेही अनुभव मागतात. मराठी प्रकाशित लेखन जोडताना सोबत स्वतः केलेला इंग्रजी गोषवारा द्या, पूर्ण भाषांतर नको.

वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत. काय करू?

इनस्क्रिप्ट हा मराठी टंकायचा कळफलक शिका, रोज अर्धा तास. एकाच दिवसाची दोन मराठी दैनिकं समोरासमोर ठेवून एकाच घटनेचे मथळे वहीत उतरवा. ती वही पुढे संशोधन पद्धतीच्या तासाला घेऊन जा.